पाहण्याजोगी गावं

मंगळवार, ८ जानेवारी १९५७

कचेरीतून कागद आला. जिल्ह्यातल्या पाहण्याजोग्या गावांची पुस्तिका करायची. मजकूर माझा, चित्रंही माझीच. शाळेतून दोन महिने मोकळीक. नवे साहेब पुण्याकडचे. राज्य आता मुंबईचं झालं, तिकडच्यांना वर्धा म्हणजे आश्रम आणि रेल्वेचं जंक्शन, एवढंच ठाऊक. "मास्तर, लोकांनी मुद्दाम वाट वाकडी करून जावं अशी दहा-बारा गावं द्या," म्हणाले.

पंधरा वर्षं चित्रकलेच्या तासाला पोरांकडून मडकी आणि केळी काढून घेतली. आता आपण काढायचं. घरी येईपर्यंत जवळजवळ पळतच आलो. सुमती म्हणाली, "या थंडीत गावोगाव निजणार कशावर?"

शुक्रवार, ११ जाने.

पवनार. सकाळच्या मोटारीने गेलो, संध्याकाळी परत. धाम नदी, पात्रातले काळे खडक, शेत नांगरताना निघालेल्या जुन्या मूर्ती. चित्रं तीन. एक बरं.

सोमवार, १४ जाने. संक्रांत

शेजारच्या गोदूकाकू तीळगूळ घेऊन आल्या. माझ्या फिरतीचं ऐकून घरून एक दुलई घेऊन आल्या. लाल अस्तर, कापूस नवा, भरपूर ऊब. त्यांचा भाचा नागपूरहून दिवाळीत आला होता, महिन्याभरापूर्वी इथेच तापाने गेला. त्याची. "पडूनच आहे. तुमच्या कामी येऊ दे." सुमतीला आवडलं नाही. काकू गेल्यावर म्हणाली, "मेलेल्या माणसाचं पांघरूण." मी हसलो. शिकलेली बाई असून असं बोलते.

गुरुवार, १७ जाने.

लहानूची दमणी ठरवली. लहानू साठीचा, बैल तरणे, तोंडाला खळ नाही. आंजीला बाजारात थांबून भाकर खाल्ली. मोठं गाव, पण चित्रात काय घ्यावं कळेना. लहानू म्हणाला, "पाहासारखं गाव पाहाचं असन तं वडझरीले चाला."

दिवस मावळायच्या सुमाराला वडझरी.

शुक्रवार, १८ जाने. वडझरी

हेच. पुस्तिकेत पहिलं गाव हेच.

टेकडीच्या पोटातून झरा, झऱ्यावर वड, पारंब्या थेट पाण्यात. खाली कोरीव दगडांचं कुंड. कोणी बांधलं कोणाला माहीत नाही. उन्हाळ्यातही आटत नाही म्हणतात.

शाळेत उतरणार होतो. नारायण पाटलांनी ऐकलं नाही. "शाळेत थंडीनं मरसान मास्तर. आमच्या छपरीत राहा." माणूस मोठा मनाचा. पाटलांची नात चंद्री, सहा वर्षांची. सकाळी छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, चित्र काढत बसलो तर कुडकुडत आली. दुलईत गुंडाळून शेजारी बसवली. नाक तेवढं बाहेर.

"मले काहाडा."

काढलं.

"नाक मोठं काहाडलं तुमी."

शनिवार, १९ जाने.

कुंडाची माहिती गावात कोणाला नाही, एका दौलतला आहे. दौलत पंचवीस-सव्वीसचा, सातवी पास. खालच्या वस्तीतला. त्याच्या वस्तीने दसऱ्याला नागपूरला जाऊन बुद्धाची दीक्षा घेतली. मला कुंडापाशी घेऊन गेला आणि वरच्या पायरीशीच थांबला. मी उतरलो. वरून तो सांगत होता, खाली मी पाहत होतो. "डाव्या हाताले तिसरा दगड. कमळ हाये. त्याच्याखाली अक्षरं." होती. ही अक्षरं त्याने जवळून कधी पाहिली, विचारलं नाही.

जेवताना पाटील म्हणाले, "त्या दौलतच्या नादी लागू नोका. यायनं घरातले देव उचलून नाल्यात टाकले. मेलेलं ढोर ओढत नाईत. मातामायपुढं वाजवत नाईत. आज्या-पंज्यापासून मातामाय राखून राह्यली या गावाले. आता ते कोनावर राग काहाडन?"

पाटलांचा धाकटा भाऊ रामजी शेजारी जेवत होता. भाकरी अर्धी टाकून उठला.

रविवार, २० जाने.

तिसऱ्या सकाळीही चंद्री दुलईत. आम्हाला मूल नाही, त्यामुळे असं कोणी खेटून बसलं की हात हलका चालतो की जड, ठरवता येत नाही. निघताना पाटलीणबाईंनी हुरडा बांधून दिला.

गुरुवार, २४ जाने.

घरी. वडझरीचा मजकूर पाच वेळा लिहिला. 'पारंब्या पाण्यात' ठेवू की काढू. सुमतीने दुलई उन्हात टाकली.

मंगळवार, २९ जाने. पाथरखेडा

टेकडीवरचं गाव. वरून दोन नद्यांची वळणं दिसतात. दोन दिवस इथल्या शाळामास्तरांकडे. नवरा-बायको दोघंच, पांघरूण बेताचं. मास्तर आणि मी एका दुलईखाली निजलो. मी नको नको म्हणत असताना त्यांच्या पत्नीने दुलईची खोळ धुऊन दिली. फार साधी माणसं.

शनिवार, २ फेब्रुवारी

समुद्रपूरच्या डाकबंगल्यात मुक्काम. खाट, गादी, सगळं सरकारी. माझी वळकटी सोडलीच नाही. दिवसा गिरडच्या टेकडीवर जाऊन आलो. तिथे सुपारीएवढे दगड सापडतात. फकिराने वाण्याचा माल दगड करून टाकला अशी गोष्ट सांगतात. चार खिशात घातले. लहानूने मला ते टाकायला लावले. "तिथलं तिथंच राहू द्या."

मंगळवार, ५ फेब्रु.

लहानू दारात उभा. आत येईना.

"वडझरीले माता आली."

"कोणाला?"

"पाटलाच्या पोट्टीले पयले. मंग रामजीच्या पोराले. अजून चार-पाच घरी हाये म्हनते. दाराले निंबाचे डहाळे लावले."

देवी. चंद्रीला देवी निघाल्या.

गुरुवार, ७ फेब्रु.

कचेरीत गेलो. तिथे खबर नाही. गावाने कळवलेलीच नाही. मातामाय घरी पाहुणी आली असताना सरकारला काय कळवायचं? मी सांगितल्यावर लस टोचणारा पाठवतो म्हणाले. निवडणुकीची धांदल, मोटार मिळेना. शेवटी तो सायकलवर गेला.

सुमतीचं आणि माझं टोचणं शाळेत दर तीन वर्षांनी होतं. आमचं ठीक.

सोमवार, ११ फेब्रु.

चंद्री गेली. शनिवारी सकाळी.

टोचणारा परत आला, त्याने सांगितलं. वरच्या आळीत एकाही घराने दार उघडलं नाही. माता अंगात असताना सुई लावून तिचा अपमान करायचा नाही. खालच्या वस्तीत मात्र दौलतने सगळ्यांना रांगेत उभं केलं, म्हाताऱ्यांपासून तान्ह्यापर्यंत.

चित्राची वही उघडली नाही.

बुधवार, १३ फेब्रु.

पाथरखेड्याहून मास्तरांचं कार्ड. त्यांच्या पत्नीला देवी. त्या गावात आणखी कोणाला नाही, कुठून आल्या कळत नाही, असं लिहिलंय. "आपली प्रकृती कशी आहे?" असंही.

कार्ड हातात घेऊन बसलो. मग वहीच्या मागच्या पानावर गावं मांडली. पवनार, गिरड. तिथे काही नाही. पवनारला दुलई नव्हतीच, गिरडच्या खेपेत सोडलीच नव्हती. वडझरी. पाथरखेडा.

सुमती चहा घेऊन आली. पान उलटं घातलं.

गुरुवार, १४ फेब्रु.

गोदूकाकूंकडे गेलो. काकू तुळशीला पाणी घालत होत्या.

"काकू, भाचा कशाने गेला?"

"तापाने. सांगितलं होतं ना."

"अंगावर काही?"

तांब्या खाली ठेवला. मग म्हणाल्या, "फोड होते. आम्ही म्हटलं उष्णतेचे. डॉक्टरला बोलावलं असतं तर साऱ्या आळीत बोभाटा झाला असता. घरात लग्नाची मुलगी आहे." मग एकदम, "का? तुम्हाला काही झालं का?"

नाही म्हणालो. मला काहीच झालेलं नाही.

शुक्रवार, १५ फेब्रु.

दुलई परसात जाळली. नवा कापूस, धुमसत राहिला, वास कपड्यांना बसला. सुमती मागच्या दारात उभी. मीच सांगितलं. खाली बसली ती बसलीच.

दुपारी ओळखीच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे. ऐकून घेतलं. "कपड्यातून लागू शकते. पण इतक्या दिवसांनी? असेलही. नसेलही. आंजीच्या बाजारातून आली असेल, पाहुण्याबरोबर आली असेल. शपथेवर कोणी सांगू शकणार नाही."

बाहेर पडताना आधी बरं वाटलं. रस्त्याच्या वळणापर्यंत टिकलं.

रविवार, १७ फेब्रु.

लहानू आला. वडझरीत बैठक झाली. खालच्या वस्तीने देव टाकले म्हणून मातामाय कोपली, असं ठरलं. त्यांना शेतात काम नाही, दुकानात सामान नाही, झऱ्याचं खाली वाहून जाणारं पाणीसुद्धा बांध घालून अडवलं. रामजी पुढे आहे. त्याचा एकुलता मुलगा चंद्रीच्या मागे चार दिवसांनी गेला.

"पाटील काय म्हणाले?"

"पाटील बोलतच नाई आता."

मग बैलांकडे पाहत, "होळीच्या आत गाव सोडा म्हनलं त्यायले. नाई सोडलं तं औंदा होळीले लाकडं शोधाची गरज नाई, असं म्हने रामजी."

बुधवार, २० फेब्रु.

साहेबांना मजकूर दाखवला. खूश. वडझरी पहिल्या पानावर. एप्रिलात मुंबईचे बडे लोक आणायचे म्हणतात. चंद्रीचं चित्र फार आवडलं, मुखपृष्ठावर हेच.

"ती मुलगी गेली, साहेब. देवीने."

"अरेरे." थोडं थांबून, "पण चित्र उत्तम आहे."

रविवार, २४ फेब्रु.

दौलत आला होता. वडझरीहून चालत. पाय धुळीने गुडघ्यापर्यंत पांढरे. सुमतीने आमच्या कपात चहा दिला, तो कप दोन्ही हातांत धरून बसला.

"आमच्या वस्तीत कोनालेच झाल्या नाई, मास्तर. टोचून घेतलं म्हनून. त्याचाच राग हाये. म्हनते, तुमीच करनी केली, नाई तं तुमचीच लेकरं कशी वाचली?"

मी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"तुमाले पाटील मानते. एक डाव येऊन सांगा का हा रोग हाये. मानसापासून मानसाले लागते. कोनी देव नाई, करनी नाई. तुमी सांगतलं तं ऐकतीन."

मानसापासून मानसाले. माझ्याकडे पाहूनच म्हणाला, पण त्याला काय माहीत.

"येईन," म्हणालो. कधी ते नाही सांगितलं. सुमती दारापर्यंत पोचवायला गेली. परत आली तेव्हा डोळे लाल.

मंगळवार, २६ फेब्रु.

सुमती: "चंद्रीच्या आजोबांना काय सांगाल? नातीला मी मारली म्हणून?"

मी ताटावरून उठलो.

भांडी घासून झाल्यावर पुन्हा: "आणि नाही सांगितलं तर दौलतला काय सांगाल?"

रविवार, ३ मार्च

पाटलांना पत्र लिहिलं. फाडलं. पुन्हा लिहिलं, तेही फाडलं. कागदावर सगळं कसं सरळ दिसतं. दुलई आणली, मुलगी बसली, मुलगी मेली.

मंगळवार, ५ मार्च

साहेबांच्या बंगल्यावर जाऊन सगळं सांगितलं. वडझरीला पोलीस पाठवा, आणि मी तिथे जाऊन खरं काय ते सांगतो. साहेबांनी उठून दार लावलं.

"मास्तर, शांत डोक्याने ऐका. सरकारी कामावरचा माणूस देवी घेऊन आला, हे एकदा गावोगाव गेलं की टोचणाऱ्याला कुठलं गाव आत घेईल? आधीच दारं लावतात. किती पोरं मरतील? आणि डॉक्टर स्वतः म्हणतात, नक्की नाही. मग कशासाठी?"

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं, हाच त्रास. पोलीस मतदानाच्या पेट्यांबरोबर आहेत, मोकळे झाले की पाठवतो म्हणाले.

सगळा रस्ता त्यांच्याशी मनात भांडत आलो. जिंकलो नाही.

शुक्रवार, ८ मार्च

वडझरीत दौलतच्या वस्तीतला गुरांच्या चाऱ्याचा, कुटाराचा ढीग जळाला. भर दुपारी. कोणी पाहिलं नाही. लहानू म्हणतो, सगळ्यांनी पाहिलं.

बुधवार, १३ मार्च

पाथरखेड्याचं पत्र. मास्तरांच्या पत्नी वाचल्या. उजवा डोळा गेला. कुठेही तक्रार नाही, एका अक्षराची नाही. "आपली पुस्तिका छापून आली की एक प्रत पाठवावी, हिला चित्रं पाहायची आहेत."

पत्र सुमतीने वाचून दाखवलं. अर्ध्यात थांबली, मग पुढचं मी वाचलं.

संध्याकाळी तिने दशम्या केल्या. कोणासाठी, विचारावं लागलं नाही.

गुरुवार, १४ मार्च. वडझरी

लहानूने गावाबाहेर आंब्याखाली दमणी सोडली. आत येत नाही म्हणाला. चालत गेलो. दारांवरचे निंबाचे डहाळे वाळून तपकिरी झालेत, काढलेले नाहीत. मागच्या खेपेला मुलं मागे लागायची. आज एकही दिसलं नाही.

छपरीत पाटील एकटेच, सुपारी कातरत. फार वाळलेत. "या मास्तर." पाणी दिलं. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. दुलई कोणाची, काकूंचा भाचा कशाने गेला, चंद्री तीन सकाळ तिच्यात बसली, पाथरखेड्याला काय झालं. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. काही गाळलं नाही.

अडकित्ता थांबला.

"कोनाले सांगतलं हे?"

"साहेबांना. घरी."

"गावात?"

"आधी तुम्हाला."

"मंग कोनाले सांगू नोका."

मी म्हणालो, दौलतच्या लोकांचा यात काही दोष नाही, उद्या होळी आहे, त्यांच्या जिवावर आलंय. पाटलांनी हात वर केला.

"तुमी तं शाळेत उतरनार होते. म्या म्हनलं, आमच्या छपरीत राहा. म्याच म्हनलं ना? मंग पोट्टीले कोनं मारलं, मास्तर? तुमी का म्या?"

पाटलांनी सुपारी तशीच खाली ठेवली.

"मातामायनं नेली तं नेली. तिच्यापुढं कोनाचं काई चालत नाई. बाई घरात रडते, मी सांगतो तिले, मायची मर्जी. हे तुमचं मी तिले कसं सांगू? हे मले नाई पेलत."

"पण उद्या लोक काय करतील?"

"मले नाई माहीत."

"तुमचा शब्द मानतात."

"मानत होते."

रामजी दारात केव्हा येऊन उभा राहिला, पाहिलं नव्हतं. किती ऐकलं त्याने, कळलं नाही. माझ्या अंगावरून आत गेला.

पाटील म्हणाले, "भाकर खाऊन जाजा." आणि पाठ फिरवून बसले.

वर्ध्याला परत न जाता खालच्या वस्तीत आलो. दौलतच्या घरी. त्याला आणि त्याच्या आईला तेच सगळं दुसऱ्यांदा सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं जाईल असं वाटलं होतं.

दौलतने पूर्ण ऐकलं. मग:

"मी तुमच्या घरी आलतो. तवा तुमाले माहीत होतं?"

"होतं."

"मंग तवा काऊन नाई बोलले?"

भीती वाटली, म्हणालो. नोकरीची, लोकांची, पाटलांच्या तोंडाकडे पाहायची. तो उठून बाहेर गेला. त्याच्या आईने थोड्या वेळाने माझ्यापुढे ताट ठेवलं. भाकर, मिरचीचा ठेचा. पाणी आता दीड कोसावरून आणतात. तरी तिने लोटा भरून दिला.

शुक्रवार, १५ मार्च. होळी. वडझरी

सकाळी लहानूला वर्ध्याला पाठवलं, चिठ्ठी देऊन. पोलिसांसाठी एक, साहेबांसाठी एक. तो निघायला तयार नव्हता. शेवटी म्हणाला, "तुमी चाला संगं." नाही म्हणालो. जाताना माझ्या पाया पडला. इतक्या मोठ्या माणसाने.

दुपार. लहानू नाही. मोटारीचा आवाज नाही.

होळी दरवर्षी मारुतीच्या पारासमोर असते. यंदा खड्डा इकडे खणलाय, खालच्या वस्तीच्या तोंडाशी, पहिल्या छपरापासून वीस पावलांवर. सकाळपासून गाड्या भरभरून पऱ्हाट्या, कापसाची वाळलेली झाडं, येतायत. टाकणारे इकडे पाहत नाहीत. ढीग घराहून उंच झालाय. वारा त्यांच्या बाजूने इकडे.

बायका, म्हातारे, लेकरं नाल्यापलीकडच्या शेतात पाठवली. दौलतची आई गेली नाही. पुरुष इथेच. काठ्या आहेत, पण दौलतने त्या एका खोलीत ठेवून कडी लावली. "आपल्याकडून सुरुवात नाई." दोघा-तिघांना पटलेलं नाही.

दौलत कालपासून माझ्याशी बोलला नव्हता. आता येऊन बसला.

"तुमी निघून जा मास्तर. नाल्याच्या वाटेनं."

मी सांगितलं, लोक जमले की ढिगापाशी उभा राहून सांगणार. माझ्याकडून आलं म्हणून. मोठ्याने.

"रामजीचं पोरगं मेलं. त्याच्यासमोर सांगसान?"

"हो."

"मारतीन तुमाले. आन् तरी ऐकनार नाईत."

"मग नको सांगू?"

तो जमिनीवर काडीने काही काढत राहिला.

"सांगा," म्हणाला. "ऐकले नाई तरी सांगा. आमच्या लेकरायले माहीत पाहिजे, का कोनीतरी सांगतलं होतं."

सुमतीला लिहायला हवं होतं. कागद आहे, वेळ नाही. तिला कळेल.

ऊन वडाच्या खाली गेलं. वरच्या आळीत डफ वाजू लागलाय. घरोघरचे गडी बाहेर पडून टेकडीवरून खाली येतायत, हातात टेंभे, अजून पेटवलेले नाहीत. बोलण्याचा आवाज नाही, नुसता डफ. सगळ्यांच्या पुढे एक पांढरा फेटा. पाटील असतील. नाही तर रामजी असेल. दोघंही पांढराच बांधतात, इथून ओळखू येत नाही.

वही दौलतच्या आईकडे देतो आणि निघतो.